शंभर कागद कवळा

प्रवासाला निघणारे लोक काशीला जातात, रामेश्वराला जातात, गाठीला पैसा आणि पोटात धीर असला तर विलायतेलाही जातात, आणि परत आले की पुस्तक लिहितात. मी खालापूर तालुक्यात गेलो होतो, तेही गवत आणायला. त्यामुळे हे लिहिताना माझी मान फारशी ताठ नाही. पण काशीला जाऊन आलेले माझ्या ओळखीचे पाचसहा जण तरी आहेत आणि कवळा आणायला गेलेला मी एकटाच, म्हणून लिहितो.

कवळा म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या गवतात उगवणारं वीत-दीड वीत उंचीचं रोपटं. पावसाबरोबर येतं, थंडी पडायच्या आत मरतं. पानं चिंचेच्या पाल्यासारखी बारीक, फूल पिवळंजर्द, आणि त्या पिवळ्यावर कुंकवाच्या बोटासारखे दोन तांबडे ठिपके. पानांना हात लावला की ती हळूहळू मिटतात. लाजाळूइतका नखरा नाही, पण मिटतात.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या खोलीत हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो. हंगामी म्हणजे काम कायमच्या माणसाइतकं आणि खुर्ची कोणीही मागितली तर उठून द्यायची. अशी चार वर्षं काढली होती. त्या चार वर्षांत तीन मुलींचे बाप आमच्या चाळीचा जिना चढून आले, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि 'कायम झाले की कळवा' म्हणून उतरले. आमचे प्रोफेसरसाहेब मोठे विद्वान. सह्याद्रीवरच्या प्रत्येक फुलाचं लॅटिन नाव त्यांना तोंडपाठ. सह्याद्री मात्र त्यांनी पुण्याला जाताना गाडीच्या खिडकीतून पाहिलेला, आणि त्यातही बोगदे बरेच.

भाद्रपदात त्यांनी मला बोलावून सांगितलं, की विलायतेतल्या एका संग्रहालयाला कवळा हवा आहे. शंभर कागद. प्रत्येक कागदावर एक वाळवलेलं रोप. मूळ, पान, फूल आणि शेंग एकाच रोपावर. 'आणि पाने उघडी असावीत' हे वाक्य त्यांनी लिहून देताना तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित केलं. शंभर कागद आले की माझ्या कायमपणाच्या पत्रावर ते सही करणार होते. रजा पाच दिवसांची मिळाली. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि मी निघालो.

खोपोली

वनस्पती गोळा करायला निघालेल्या माणसाचं सामान असं: खांद्याला हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा, काखेत दोन जाड फळ्या, त्यांच्यामध्ये टीपकागदांचा गठ्ठा आणि सगळ्यावरून चामड्याचे पट्टे. रोप टीपकागदात घालून फळ्या आवळायच्या, की ते वाळून चपटं होतं. ही अवजारं शास्त्रीय आहेत हे शास्त्रज्ञांना ठाऊक असतं. खोपोली स्टेशनावरच्या हमालाला नव्हतं. मला पाहताच त्यानं सदऱ्याची बाही वर केली, दंडावरचे दोन वण दाखवले आणि म्हणाला, "माजं झालंय." मला तो देवी टोचणारा समजला होता.

खोपोलीत पाहण्यासारखं म्हणजे घाटावरून उतरलेले लोखंडी नळ. घाटमाथ्यावरचं पाणी त्यातून खाली कोसळतं, यंत्रं फिरतात आणि वीज तयार होऊन तारांवरून मुंबईला जाते. ती तिथे गिरण्यांना आणि आमच्या कॉलेजच्या पंख्याला मिळते. खोपोलीच्या बाजारात मात्र दिवेलागणीला दुकानदार कंदिलाच्या काचा पुसत बसले होते. एकाला मी त्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "अवो, ती वीज लई मोठ्या घरची. आमच्याकडं कशाला उतरंल?" मग त्यानं मला कंदील विकायचा प्रयत्न केला.

कुंभिवली

कुंभिवलीला आईचे मावसभाऊ अण्णा राहतात. निवृत्त शाळामास्तर, थोडी भातशेती, चार म्हशी आणि प्रत्येक गोष्टीवर मत. मी बैलगाडीतून उतरलो तेव्हा ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मला पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. आमच्यावर एवढं प्रेम करणारं माणूस या तालुक्यात आहे हे आजवर ठाऊकच नव्हतं.

"मुंज झालेली आहे ना तुझी?" अण्णांनी पहिला प्रश्न केला.

झालं होतं असं, की पितृपक्ष चालू होता, दुसऱ्या दिवशी अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध होतं आणि पंचक्रोशीतले सगळे ब्राह्मण आधीच ठरून गेले होते. एक पान रिकामं राहत होतं. माझ्या शास्त्राची, कॉलेजची, रजेची कोणी चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी मला अंघोळ घालून पाटावर बसवलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: श्राद्धाच्या पानावर बसलेला ब्राह्मण तेवढ्यापुरता वाडवडिलांच्या जागी असतो. म्हणजे अर्धा तास मी अण्णांचा बाप होतो. अण्णांचे वडील फार तापट होते असं आईकडून ऐकलं होतं, म्हणून मीही कपाळाला आठी घालून जेवलो. उडदाचे वडे, तांदळाची खीर, अळूवड्या, आमसुलाची चटणी. खीर घरच्या म्हशीच्या दुधाची, इतकी दाट की वाटीत वडा उभा राहील. शेवटी अण्णांनी हात जोडून "तृप्त झालात का?" असं विचारलं, तेव्हा मला उत्तर द्यायची गरज पडली नाही, पोटानंच मोठा आवाज केला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बाबा अस्सेच ढेकर द्यायचे."

पितर तृप्त झाले, पण माझी रजेची दोन बोटं मुडपली गेली. अण्णांनी परतफेड म्हणून हाशाला बोलावलं. हाशा हा डोंगरावरच्या ठाकरवाडीतला चाळिशीचा माणूस, अण्णांकडे लाकडाची मोळी घालायला यायचा. काटक, कमी बोलणारा, कमरेला कोयता. "हे मास्तर आहेत. यांना फुलं हवीत," अण्णा म्हणाले. हाशानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फुलं हवी असलेला पुरुष त्यानं बहुधा लग्नाच्या दिवशीच पाहिला असावा.

"किती फुलं?" त्यानं विचारलं.

"थोडी," मी म्हटलं. हे खोटं होतं, आणि ते मी का बोललो हे मला तेव्हाही नीट कळलं नाही.

वाडी

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. हाशा पुढे, डोक्यावर माझ्या फळ्या. मागे मी आणि माझ्यामागे कालची खीर. पहिल्या चढालाच मला कळलं की श्राद्धाचं जेवण आणि डोंगर यांच्यात किमान दोन दिवसांचं अंतर हवं. हाशा मधूनमधून थांबून बिडी ओढायचा. ती मला दम खाता यावा म्हणून, हे तिसऱ्या बिडीला माझ्या लक्षात आलं.

वाडी म्हणजे कुडाच्या भिंतींची, गवताच्या छपरांची दहा-बारा घरं. आम्ही वर पोचलो आणि धडाधड दारं लागली. अंगणातली मुलं कोंबड्यांसकट नाहीशी झाली. एक म्हातारी तेवढी दारात बसून नाचणी पाखडत होती, ती जागची हलली नाही.

"आय, ह्यो टोचणारा नाय," हाशा म्हणाला. ती त्याची आई, बुधी.

"मंग त्या डब्यात काय हाय?"

मी डबा उघडून दाखवला. आत वाटेत तोडलेला तेरडा, दोन नेचे आणि आईनं दिलेला चिवडा होता. म्हातारीनं तेरडा उचलला, हुंगला, परत ठेवला.

"घाटाखालून गाडीत बसून ह्ये न्यायला आलास?"

"हे नाही, कवळा न्यायला."

ती हसली. पुढचे दात नव्हते, पण हसणं भरपूर होतं. "बाबा, कवळा खायाचा आषाढात. आता भादवा सरत आला. आता खाशील तं गुरासारका रवंथ करशील." तिनं मोठ्यांदा हाक मारून सगळ्यांना सांगितलं की हा टोचत नाही, गवत गोळा करतो, आणि बिचाऱ्याला त्याचाही महिना कळत नाही. दारं उघडली. लोक येऊन मला पाहून गेले. मुंबईत माझ्याकडे एवढ्या कौतुकानं कोणी पाहिलं नव्हतं.

त्या ठाकर लोकांमध्ये कोणी कोणाला अहोजाहो करत नाही. कलेक्टर आला तरी 'तू कवा आलास' असंच विचारतील. पहिल्या घटकेला कानाला खटकतं, मग फार बरं वाटतं. आमच्या चाळीत मला सगळे अहोजाहो करतात आणि नळावर मात्र कोणी पुढे जाऊ देत नाही.

बुधीआयनं नाचणीची भाकरी आणि भाजलेलं सुकट पुढे ठेवलं. चोवीस तासांपूर्वी मी एका कर्मठ घराण्याचा पितर होतो. मी सुकट खाल्लं, दुसऱ्यांदा मागून खाल्लं. अण्णांनी हे वाचलं तर त्यांच्या वडिलांना काय वाटेल याची मला काळजी आहे, पण सुकट अप्रतिम होतं.

माळ

वाडीच्या वर अर्ध्या घटकेवर डोंगराचा माथा सपाट होतो, त्याला ते माळ म्हणतात. वर पाय टाकला आणि मी थांबलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पिवळं. ऊन पडलं होतं, ढगाची सावली सरकत होती आणि ती गेली की मागे पिवळं पुन्हा पेटत होतं. मी चार वर्षं ही फुलं वाळलेली पाहिली होती, तपकिरी, कागदाला डिंकानं चिकटवलेली. जिवंतपणी ती अशी असतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदात हिशेबी विचार शिरला, की इथे शंभर म्हणजे काहीच नाही.

मी कामाला लागलो. रोप धरायचं, हलकेच ओढायचं. पावसाळी माती भुसभुशीत, मूळ अख्खं निघायचं. डब्यात टाकायचं, पुढचं धरायचं. चाळीस झाली तेव्हा कंबर धरली, म्हणून एका दगडावर फळ्या मांडल्या, टीपकागद पसरले आणि डबा उघडला.

आत चाळीस मिटलेल्या छत्र्या होत्या. हात लागल्याबरोबर पानांनी माना टाकल्या होत्या. मी ती बोटांनी उघडून पाहिली, फुंकर घालून पाहिली, उन्हात ठेवून पाहिली. माझ्या डोळ्यांपुढे तांबडी पेन्सिल नाचायला लागली. शेवटी ती चाळीस रोपं मी वाटेच्या कडेला फेकून दिली आणि ठरवलं, की सकाळी ताजी शंभर काढायची, घाई करून लगेच दाबायची.

हाशा लांब उभा राहून हे सगळं पाहत होता. मी "उद्या पुन्हा येऊ रे" असं ओरडलो तोवर तो उतरणीला लागला होता. माझ्या फळ्या त्यानं उचलल्या नाहीत. मला वाटलं, विसरला असेल.

पुन्हा वाडी

वाडीत आलो तर कोणी हसलं नाही. दारं उघडी होती, पण माणसं माझ्याकडे पाहत नव्हती, आणि ते दारं लावून घेण्यापेक्षा वाईट होतं. बुधीआय सकाळच्याच जागी बसली होती. तिच्या मांडीवर पदरात माझी फेकलेली रोपं होती. हाशानं ती गोळा करून आणली होती.

"ही तू उपटलीस?"

"हो."

"उपटलीस ती उपटलीस. टाकलीस कशापायी?"

मी पानं मिटल्याचं सांगितलं. ते माझ्याच कानाला इतकं मूर्खपणाचं वाटलं की मी घाईनं पुढे शास्त्र सांगायला लागलो. विलायतेत मोठं संग्रहालय आहे, तिथे ही रोपं कागदावर चिकटवतात, कपाटात ठेवतात, शंभर वर्षं टिकतात.

"शंबर सालं ठेवून खाणार कवा?" तिनं विचारलं.

तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मी माळावर हजारो असल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली, वर्गातला ढ मुलगा पाहून आम्ही हलवतो तशी.

"सगलं पिवलं म्हंजी कवळा नाय रं बाबा. बाकीची सोनकी. ती गुरं बी खात नायत. कवळा दोन खळ्यांएवड्या तुकड्यात हाय, तू बसला व्हतास तिथंच."

सोनकी वेगळी आणि कवळा वेगळा हे मला ठाऊक होतं. त्यावर माझा पगार चालत होता. पण माळ पाहिल्यावर मी ते विसरलो होतो आणि सगळं पिवळं माझ्याच कामाचं धरलं होतं. तो तुकडा एवढा लहान आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हाशा प्रथमच सलग बोलला. आषाढात घरची नाचणी सरते, नवं पीक दिवाळीला, आणि मोळी विकून नाचणी मिळते ती पाऊस ओसरल्यावर. मधले दोन महिने वाडी याच कवळ्यावर काढते. नखानं शेंडा खुडायचा, मूळ हलवायचं नाही, विळा लावायचा नाही. आणि एकदा फूल आलं की हातच लावायचा नाही. "सालाचं झाड हाय त्ये. बी पडलं तं फुडल्या साली हाय, नाय पडलं तं नाय."

"मग मला अडवलं का नाहीस?"

"पाव्हण्याचा हात धरायचा नसतो."

बुधीआय पदरातल्या रोपांवरून हात फिरवत होती. एका सालाला खालच्या गावांची गुरं बी पडायच्या आत माळावर चढली, ती म्हणाली. पुढच्या आषाढात तिथे नुसतं गवत आलं. मग कडवे कंद खणले, राखेच्या पाण्यात उकळले, पुन्हा उकळले. "माजी धाकली पोर त्या कंदानं गेली. नीट शिजला नवता." एवढं सांगून ती रोपांच्या खालच्या फुलांची टोपणं चाचपायला लागली. कवळ्याची शेंग टोपणात घडी घालून लपलेली असते. पिकलेली सापडेल ती ती वेगळी काढत होती. चाळीस रोपांतून मूठभरही निघाली नाही.

मला लाज वाटली. आधी स्वतःची, मग कागदावर वाळवलेल्या सगळ्याची.

"जो उपटील त्यानं राखायचं," ती शेवटी म्हणाली. "उद्याची राखण तुजी. दिसभर. गुरं चडू द्यायची नायत." ही वाडीची रीत होती. बी पडेपर्यंत रोज एक घर माळावर बसतं. चुकलेल्याची पाळी आधी लागते. मग तिनं माझ्यापुढे भाकरी ठेवली. त्या रात्री सुकट नव्हतं, मीठ होतं.

राखण

चौथ्या दिवशी मी माळावर एकटा होतो. बरोबर छत्री, भाकरी, आणि कालपासून तिथेच पडलेल्या माझ्या फळ्या.

आता खरं ते लिहितो. माझी रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. माझ्यासमोर कवळा होता, उन्हात, पानं पुरती उघडलेली. शंभर टीपकागद होते. वाडी नजरेआड होती. सकाळी लवकर काढून, दाबून, दुपारी दुसऱ्या बाजूनं कर्जतकडे उतरलो असतो तर मला कोणी पकडलं नसतं. लांडग्याला मेंढरं राखायला बसवून ही माणसं आपापल्या कामाला गेली होती. मी पट्टे सोडले. पहिला कागद पसरला. मुलींच्या बापांचे चेहरे आठवले, आईनं देवापुढे ठेवलेली साखर आठवली. एका रोपाच्या बुंध्याला बोटं लावली आणि त्याची पानं एकेक करून मिटायला लागली.

मी हात काढून घेतला. थोर विचार वगैरे काही आला नाही. एवढंच वाटलं, की म्हातारीनं मला राखणीला बसवलं आहे आणि मी तिच्या धाकट्या पोरीच्या ताटाला हात लावतो आहे. घटकाभरानं ती पानं पुन्हा उघडली. मी कागद गुंडाळून ठेवले आणि फार रडायला आलं, कारण मला कायम व्हायचं होतं. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. इथे उगाच शूर होत नाही.

रडणं चालू असतानाच म्हशी आल्या. चार होत्या, डोंगराच्या खालच्या धारेनं रांगेत, लगबग नाही, लाज नाही. मी छत्री उघडून धावलो. म्हशींनी छत्री पाहिली आणि चरायला सुरुवात केली. "हैक हैक" केलं. पुढची म्हैस कान हलवून माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी काही विचारत होतो. मग मला फळ्या दिसल्या. दोन हातांत दोन घेतल्या आणि टाळ बडवावेत तशा एकमेकींवर आपटल्या. आवाज असा झाला की समोरच्या डोंगरानं तो परत पाठवला. म्हशी उधळल्या. मी मागे, फळ्या आपटत, ठेचकाळत, एकदा साफ आडवा पडून उठत, त्यांना धारेखाली पार ओढ्यापर्यंत नेऊन सोडलं. शास्त्रीय उपकरणाचा माझ्या हातून झालेला तो सर्वांत चांगला उपयोग.

ओढ्याशी अण्णांचा गुराखी झोपेतून उठून उभा होता. "मास्तर, आपल्याच म्हशी हायत त्या," तो कळवळून म्हणाला. परवाची खीर यांच्याच दुधाची होती. मी त्याला सांगितलं, बी पडेपर्यंत वर आल्या तर पुन्हा वाजवीन.

दिवस मावळताना कवळ्यानं आपणहून पानं मिटली. मग मी उतरलो. त्या रात्री सुकट होतं.

उतरताना

पाचव्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला उभा राहिलो तर बुधीआय म्हणाली, "चल माळावर. तुजा एक कागुद घे."

वर जाऊन तिनं बराच वेळ रोपं पाहिली. शेवटी एक जून रोप निवडलं. शेंड्याला दोन फुलं, खाली वाळलेली टोपणं. मग मला कागद अगदी त्या रोपाला लावून जमिनीवर पसरायला सांगितला. पानांना हात न लावता मुळाशी दोन बोटं घातली, माती मोकळी केली आणि रोप उचललं नाही, नुसतं शेजारी कागदावर निजवलं. वर लगेच दुसरा कागद, वर फळी. पानं सगळी उघडी होती. चार वर्षांत आम्हा कोणाला हे सुचलं नव्हतं.

फळी ठेवण्याआधी तिनं पिकलेल्या शेंगा काढून तळव्यावर चोळल्या, बी त्याच खड्ड्यात टाकलं आणि टाचेनं माती दाबली. एक शेंग मात्र रोपावर ठेवली.

"ही तुज्या सायबाला. योक नेलास तं चालंल. तुजं बी पोट हाय."

मी तिच्या पायांना हात लावला तर ती दचकून मागे सरली आणि हाशाला म्हणाली, "ह्याला काय झालं रं?" हाशानं मला कर्जतच्या वाटेपर्यंत सोडलं. या वेळी त्यानं फळ्या डोक्यावर घेतल्या होत्या.

मुंबई

प्रोफेसरसाहेबांनी कागद उजेडाला धरला. मूळ, पान, फूल, शेंग. भिंगातून पानं पाहिली आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "उत्तम. फारच उत्तम. आणि बाकीचे नव्व्याण्णव?"

"जागेवर आहेत, सर," मी म्हटलं. "सगळ्यांची पानं उघडी आहेत."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हशी सोडून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की ही बुधी कोण, तिचा वनस्पतिशास्त्राशी काय संबंध. मी म्हटलं, "खाते, सर." ते उत्तर त्यांना आवडलं नाही. पुढच्या टर्मला माझ्या खुर्चीत दुसरा हंगामी आला. चौथ्या मुलीचे वडील जिना चढलेच नाहीत.

आता मी दोन-चार शिकवण्या करतो. आईनं काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, मग कामापुरतं बोलायला लागली, आणि आषाढ आला. एका सकाळी अण्णांचा गडी दारात उभा. त्याच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेली एक जुडी आणि अण्णांची चिठ्ठी: 'तो हाशा मोळीबरोबर ही पालेभाजी टाकून गेला. मास्तरांचा राखणीचा वाटा आहे, पोचता करा, असे म्हणतो. कसली राखण ते समजले नाही. आमच्या म्हशी गेल्या वर्षापासून टाळ ऐकला की बुजतात, काय कारण असावे?'

मी पानं सोडली. कवळ्याचे कोवळे शेंडे होते, नखानं खुडलेले, प्रवासात थोडे कोमेजलेले. मुळं नव्हती.

"नोकरी नाही, धंदा नाही, आणि हे तुला कोण पाठवतंय?" आईनं विचारलं.

"पगार आलाय," मी म्हटलं.

आईनं जुडी उचलून हातात तोलली. एका माणसाला एक वेळ पुरेल, तेवढीच होती. "एवढाच?"

"एकच दिवस काम केलं होतं," मी म्हटलं, आणि तिनं विळी पुढे ओढली.